मशीनपुढं एक स्टूल

लसीच्या रांगेत बाळ मांडीवर झोपलं, म्हणून शेजारच्या बाकावरचं बोलणं कानी पडलं. सत्तरीची आई आणि तिला मोबाईलवर फोटो दाखवणारा मुलगा.

"ही बघ. सामान ठेवायला भाड्यानं खोली मिळती. पेठेतलं घर तर आता विकलंच. तुझं सामान इथं ठिवू."

"केवढी हाय?"

"न्हाणीएवढी. कपाट, ट्रंक, शिलाई मशीन, एकावर एक रचलं की मावतंय."

"कुलूप कुणाचं?"

"आपलंच. किल्ली तुझ्याकडं."

"मग जरा मोठी घे."

"रिकामी जागा काय करायची? चार महिने माझ्याकडं, चार थोरल्याकडं, चार धाकट्याकडं गडहिंग्लजला ऱ्हाणार तू. काय कमी हाय तिथं?"

"कायबी न्हाय. सुना गुणाच्या हायत."

"मग?"

"मशीनफुडं स्टूल मावलं पायजे. एका घरातनं दुसऱ्या घरी जाताना तासभर बसतो की तिथं."

"आई, ती सामानाची खोली हाय. माणसाला बसू देत न्हाईत."

"इचार तरी."

त्यानं फोन लावला.

"पावणं, मोठी खोली हाय का? आत कुणी बसलं तर चालंल?... न्हाय न्हाय, धंदा न्हाय करायचा. आमची आई हाय."