पंधराला पंचेचाळीस

—नाही, साहेबांना फोन करायचा नाही. खिशात ठेवा तो, गोरक्षभाऊ. योसेफ सुप्याला फर्स्ट शिफ्टला आहेत, मशीनवर असताना फोन घेत नाहीत, आणि घेतला तरी सांगणार काय तुम्ही — दीनामॅडम गाडी घेऊन आल्यात, चेन-स्पॉकेट बदलून मागतायत, बदलू का? ते हो म्हणणार आहेत थोडेच. कशी आणली म्हणजे? ढकलत आणली. आमच्या गल्लीपासून तुमच्या गॅरेजपर्यंत उतारच आहे. निम्म्या सावेडीनं गॅलरीतनं बघितलं — बघू दे. हे घ्या, पिशवीत सगळं आहे. पुढचं चक्र पंधरा दात्यांचं, मागचं पंचेचाळीस, आणि चेन दोन कड्या मोठी, कारण मागचं चक्र वाढलं की जुनी चेन पुरत नाही. असं बघू नका. आठवीला गणित शिकवते मी, एकवीस वर्षं झाली.

तुम्हीच बसवलंत ना दिवाळीत, पुढं सोळा, मागं चाळीस? कंपनीचं पंधरा-बेचाळीस होतं — भागा, दोन पूर्णांक आठ. तुमचं झालं अडीच. म्हणजे काय झालं? आधी पुढचं चक्र जवळजवळ तीनदा फिरायचं तेव्हा मागचं चाक एकदा फिरायचं, आता अडीच फेऱ्यांतच फिरतं. इंजिनाला दमणूक कमी, नव्वदला गाडी गप चालते, हँडल थरथरत नाही, अ‍ॅव्हरेजपण सुधारतं — मी कुठं नाही म्हणते? पुणे रोडला एकटा माणूस बसला तर गाडी राणी आहे. पण पळ वाढवला की ओढ कमी होते, हे तुम्हीच सांगता ना गिऱ्हाइकाला? सपाटीला ते कळत नाही. आणि ट्रायल घेतली कुठं तुम्ही — मनमाड रोडला. सरळसोट रस्ता, एकटे योसेफ, ना बॅगा ना मी. आले ते हसतच, म्हणाले, दीना, लोण्यासारखी चालते.

आणि मग माळशेज. ते तुम्हाला नाही सांगितलं त्यांनी, नुसती क्लचप्लेट जळाली म्हणून सांगितलं, होय ना? ऐका मग. आठ वर्षं झाली, महिन्यातले दोन रविवार हे बाइकवाल्यांच्या ग्रुपबरोबर बाहेर. मी चर्चमध्ये एकटी बसते, बाजूला यांची जागा रिकामी, आणि उपासना सुटली की पाळकसाहेब दारात हात मिळवून विचारतात, योसेफ कुठं? कधी ओव्हरटाइम सांगते, कधी ताप सांगते — चर्चच्या दारात उभं राहून खोटं बोलते मी, या वयात. तर जानेवारीत एकदा म्हटलं, या रविवारी मीपण येते. कुणाचं तरी हेल्मेट मागून आणलं, बसले मागे. आळेफाट्यावरनं मुरबाडला उतरलो तोवर झकास. येताना घाट चढायला लागलो आणि पुढं ट्रकांची रांग. वळणावर थांब, पुन्हा उचल, थांब, पुन्हा उचल — पहिल्या गिअरलासुद्धा गाडी उचलेना, नुसता क्लच अर्धवट दाबून धरलेला, जळका वास. दोघं माणसं, दोन बॅगा आणि ते अडीच. शेवटी म्हणाले, उतर जरा, वर घेतो तुला. उतरले. दोन किलोमीटर चालले मी, हेल्मेट हातात, बाजूनं ट्रक. ग्रुपमधला तो हर्षल, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, गाडी हळू करून म्हणतो, काकू, लोड उतरवला काय काकांनी? तेही चाललं असतं. पण वर पोहोचले तर सगळे भजी खात होते, त्यानं पुन्हा तेच म्हटलं, आणि योसेफ हसले. हसले आणि म्हणाले, गणित हिचंच होतं बरं का.

—काय? हां. म्हणजे तसं... होतं. माझंच होतं.

आता विचारलंच आहे तर ऐका. दिवाळीच्या सुट्टीत मी पेपर तपासत बसले होते, हे समोर येऊन बसले, म्हणाले, काढून दे ना, किती दात्यांना किती पडेल. मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं. चाकाचा घेर, गाडीचं वजन, यांचं अठ्ठ्याहत्तर, बॅग बारा. तीनदा तपासलं. एक चूक नाही, आजही दाखवा कुणालाही. फक्त त्यात मी नव्हते. त्यांनी नाही हो वगळलं मला, आळ घ्यायचा नाही. मीच धरलं नाही. लग्नाला तेवीस वर्षं झाली, आणि त्या मागच्या सीटवर मी बसेन हे माझ्याच डोक्यात आलं नाही. घाट चढताना हेच कळलं मला, आणि इतका संताप आला — हर्षलचा आला, यांच्या हसण्याचा आला, पण सगळ्यात जास्त त्या वहीच्या पानाचा आला.

परवा पहाटे निघतायत. स्पितीला, तिकडं हिमालयात. पंधरा दिवस. मला काय म्हणाले माहितीय — तू नको, चढ फार आहेत, गाडी ओढायची नाही. गाडी ओढायची नाही! तिथं तर हवापण विरळ, इंजिनाला आधीच धाप लागणार, त्यात हे अडीच घेऊन निघालेत. म्हणून पुन्हा मांडलं मी. या वेळी माझे चौसष्ट किलो धरले, माझी बॅग धरली, वरती दहा जास्तीचे. भागाकार आला बरोबर तीन. पंधराला पंचेचाळीस. शाळेला सुट्टी आहे, पाळकसाहेबांना खरं सांगून आलेय, जर्किन घेतलंय. तुम्हाला वाटत असेल, बाईला वेड लागलं. लागू दे.

हं? साहेब रागावून एकटेच निघाले तर? निघू देत. नव्वदला इंजिन किंचाळेल, पाय झिणझिणतील, सत्तरवर यावं लागेल — चढाला रुबाबात चढेल, पण सपाटीला पुण्यापर्यंतसुद्धा एकट्याला सुख देणार नाही ती. किंचाळू दे. तेवढी बाजू मांडायला मी कशाला हवी, गाडीच मांडेल. तीनला कंपनीची बस येते त्यांची, अडीच तास आहेत तुमच्या हातात. बोलत काय बसलात, चाक काढा.