बाराही महिने उभ्या राहणाऱ्या सुंदराबाई

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष पाळकसाहेब, बाईंना न्यायला अकोल्याहून मुद्दाम आलेले तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाहुणे, खुर्चीत अवघडून बसलेल्या आमच्या सत्कारमूर्ती सुंदराबाई, आणि सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

बाई, हाराची फुलं खुडू नका. अजून फोटो व्हायचा आहे.

पाहुण्यांना माझी ओळख नसेल. मी मनकर्णा, आपल्या मुलींच्या शाळेत शिकवते. बाईंनी बायबल बाई म्हणून, घरोघर बायबल वाचून दाखवत, गावोगाव केलेल्या सेवेवर मी बोलावं, अशी अध्यक्षांची आज्ञा आहे. पण ती सेवा मोर्शीपासून धामणगावपर्यंतच्या बाया माझ्यापेक्षा चांगली सांगतील. मला बोलायचं आहे ते एका तक्रारीबद्दल.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासना संपता संपता, त्या महिन्यात जन्मलेल्यांना पाळकसाहेब उभं करतात. नाव विचारतात. आपण त्यांच्यासाठी गीत गातो आणि ते आभाराच्या पेटीत दान टाकतात. आता या सुंदराबाई जानेवारीत उभ्या राहतात, फेब्रुवारीत राहतात, मार्चमध्येही राहतात. बाराही महिने! आणि दान काय, तर मूठभर ज्वारी. माणसाला हे सहन व्हावं तरी कसं? आमच्या डोमाजींनी पंचांपुढे रीतसर तक्रार केली, "आमाले वर्षातून एक डाव गाणं, अन् इले बारा डाव? आमी काय चोरी केली?" डोमाजी, मान खाली घालू नका. तुम्ही तोंडानं बोललात, बाकीचे मनात बोलत होते.

पंचांनी बोलावलं तेव्हा बाई म्हणाल्या, "एकोणीसशेच्या दुष्काळात मले धामणगावच्या ठेसनावरून उचलून आणलं. बोलताबी येत नोतं. माहा महिना कोनता, मले काय मालूम? एखादा त माहा असनच. थो चुकू नये म्हणून साऱ्याईत उभी राह्यते." तक्रार तिथंच मिटली. पुढच्या महिन्यात सगळ्यांत मोठ्यानं डोमाजीच गायले, हेही सांगितलं पाहिजे.

आता माझं सांगते. ऑगस्ट हा माझ्या लेकराचा, शमुवेलचा महिना. भिंतीला धरून चालायला लागला होता, तेवढाच राहिला आमच्याजवळ. हिवाळ्यात ताप आला आणि लेकरू गेलं. पुढच्या ऑगस्टात मी मागं, खिडकीशी बसले होते. उभ्या राहिलेल्या बायांच्या कडेवरची लेकरं पाहत होते. हिला इतकी, तिला तितकी, आणि माझी ओटी तेवढी रिकामी. डोक्यात दुसरं काही येतच नव्हतं. ज्या देवाकडे लेकरू मागून घेतलं त्याच्याशीच भांडण चाललं होतं, आणि ते खरंखुरं होतं.

बाई आपली ज्वारीची मूठ तशीच मिटून माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "ऊठ."

मी म्हटलं, "कशाचे आभार मानू, बाई?"

त्या खाली वाकल्या. हळूच म्हणाल्या, "माह्या मायले माहा दिवस मालूम असन. माय गेली, अन् थो दिवस संगं घेऊन गेली. आता दुनियेत कोनालेच मालूम नाही. तुह्या लेकराचा दिवस तुले मालूम आहे ना? देवानं देल्लं होतं म्हणूनच मालूम आहे ना? तू बसून राह्यली त मंग थो दिवस कोन सांगीन?"

मी उठले. पाळकसाहेबांनी नाव विचारलं, मी शमुवेलचं सांगितलं, आणि तुम्ही सगळे त्याच्यासाठी गायलात. माझं लेकरू गेलं, हे तर रोजच कळत होतं. ते मला मिळालं होतं, हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून दर ऑगस्टात बाई येतात आणि कोपराला धरून मला उठवतात.

लोक म्हणतात, सुंदराबाई किती समाधानी! आहेतच. पण त्यांच्याबरोबर धामणगावला गेलेल्यांना विचारा. गाडी थांबली की फलाटावरच्या म्हाताऱ्या बायांची तोंडं त्या अजूनही निरखून पाहतात. आई आता कुठली असायला? मी एकदा म्हटलं, "काहून पाहता, बाई?" तर म्हणाल्या, "आभार मानले म्हणून आठोन येऊ नाही काय?" गाडी सुटेपर्यंत मीही पाहत राहिले.

उद्या बाई अकोल्याला चालल्या. त्यांनी वाढवलेली जमुना तिथं नर्स आहे. तिनं हट्टानं बोलावलं आहे. पाहुण्यांनो, तुमचा मला हेवा वाटतो. बाईंसमोर असं म्हणू नये, पण वाटतो. तुमच्याकडे ही उभं राहण्याची पद्धत नसेल तर सुरू करा. कोणी तक्रार केलीच, तर समजूत घालायला आम्ही डोमाजींना पाठवू.

येत्या रविवारी ऑगस्ट लागतो. माझ्या कोपराला धरायला कोणी नसेल. आठ दिवस झाले, मला हेच भ्या वाटून राहिलं आहे. पण मी उठेन, बाई. शमुवेलचं नाव सांगेन.

अध्यक्षांनी बोलू दिलं आणि तुम्ही ऐकून घेतलं, याबद्दल सर्वांची ऋणी आहे. सेवेवर बोलायचं राहूनच गेलं. जे उणं राहिलं ते आपलं समजून पोटात घाला. आणि पाळकसाहेब, एक विनंती आहे. रविवारी शमुवेलचं गीत झालं की मला बसा म्हणू नका. सप्टेंबरात मी पुन्हा उभी राहीन, ऑक्टोबरातही राहीन, मुठीत ज्वारी घेऊन. तुम्ही नाव विचारा. मी सुंदराबाईंचं सांगेन.