आंधळ्या घोडीसाठी

राजेगावच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. बालाघाटच्या जनावरांच्या दवाखान्यातून ते घरी निघाले होते.

"डॉक्टर का बोलला? मले पुन्हा सांगा," म्हातारी म्हणाली.

"घोडीचं आतडं पिळलं. आता नाही वाचत. संध्याकाळी घरी येऊन सुई देतो म्हणे. मंग तिले दुखणार नाही."

"आंधळी झाली म्हणून बँडवाल्यानं पुलाखाली सोडली होती. तुम्हीच घरी आणली."

"हौ. अन् तू बोलली, माणसाले जागा नाही, घोडी काहून आणली."

"बोलली असन. पण दाळ कोण खाऊ घाले?"

"तूच."

"काल तिनं माह्या पदराले तोंड लावलं, दाळ मांगे. तुम्ही घमेलं ओढून नेलं."

"डॉक्टरनं मना केलं होतं, चंपा. मले वाटलं, वाचन."

"उपाशी ठेवली अन् वाचली बी नाही. लगनात नवरदेव बसाच्या पहिले त्याची बहीण तिले चण्याची दाळ खाऊ घाले. लोकायच्या दारात पोटभर खाल्लं, अन् आपल्या दारातून उपाशी जाईन?"



"दाळ भिजाले रात लागते."

"मंग?"

"गूळ भिजवा लागत नाही." तो दांडा धरून उठला. "ओ कंडक्टर भैया, दुकान के पास रोकना जरा."

"अवो, डॉक्टर आपल्या पहिले पोहोचला तं?"

"थांबन तो. घोडी आपली आहे."