सगुणाबाईची हाक

(वांगणीजवळ रामभाऊंचं शेत. खतासाठी सगुणाबाईच्या मेंढ्या इथे बसवल्यात. सकाळ. फोटो काढायला येणारी ऋता बदलापूरहून आली आहे.)

सगुणाबाई : फोटो ऱ्हाऊ दे बाजूला. आधी सांग, काल दिवस बुडताना माझी मेंढरं कुणी बोलवली?

ऋता : मावशी, बघा तरी. ऊन समोर ठेवून काढलाय. मेंढ्या काळ्याभोर आणि कडेनं नुसती सोनेरी रेघ. तुम्हाला द्यायला बदलापूरहून प्रिंट काढून आणलाय.

सगुणाबाई : मी इचारते काय, तू सांगतीस काय. मी वढ्यावर हंडा भरत व्हते. तिथनं मला माझीच हाक ऐकू आली. माझं तोंड तर मिटलेलं.

ऋता : मोबाईल होता तो. परवा तुम्ही त्यांना बोलावत होतात ना, ते मी रेकॉर्ड केलेलं. काल स्पीकरवर लावलं. मेंढ्या धावल्या की धूळ उडते, मागून ऊन आलं की चमकते. दोनच मिनिटं लावलं, मावशी.

सगुणाबाई : तेवढ्यात माझी भुरी खड्ड्यात गेली. गाभण व्हती. पहाटं गाभडली, कोकरू गेलं.

ऋता : खड्डा दिसला नाही मला. शपथ. डोळ्यांवर ऊन होतं.

सगुणाबाई : ऊन तर तुला पायजेच व्हतं.

रामभाऊ : जाऊ द्या सगुणाबाई. शिकलेली पोर आहे, मुद्दाम नाय केलं तिनं.

सगुणाबाई : तुम्ही मधी पडू नगा, रामभाऊ. खड्डा तुमच्या बांधाला लागून हाय.

रामभाऊ : माझा नाय तो. ती जागा मी कधीच विकली. फार्महाऊसवाल्यानं पाया खणलाय.

सगुणाबाई : मंग भुरीला सातबारा दावायचा व्हता.

ऋता : मी आत्ता डॉक्टर घेऊन येते, मावशी.

सगुणाबाई : भुरी उठंल, तिचं बघीन मी. पर सकाळी हाक मारली तर एक मेंढरू हाललं न्हाई. मान वर करून नुसती बघत ऱ्हायली माझ्याकडं. उद्या रेल्वेच्या फाटकातनं न्यायचीत पलीकडं. गाडी यायच्या आत समदी पार व्हाया पायजेत. कशी नेऊ? माझ्या सासूची हाक हाय ती. लांडगा आला तरी तिच्यावर गोळा व्हायची. जन्मात खोटी मारली न्हाई मी. तू धुळीपायी मारलीस.

ऋता : चुकलं माझं. फाडून टाकते हा फोटो.

सगुणाबाई : फोटोनं काय केलंय? हाक पूस.

ऋता : पुसली. हे बघा, गेली.

सगुणाबाई : आन कुणाला दिलीस?

ऋता : रात्री रील टाकली. फोटोमागे तोच आवाज लावला. लोकांना आवडला. बऱ्याच जणांनी आपापल्या रीलला घेतलाय.

रामभाऊ : म्हणजे आता कुणी पण वाजवंल?

सगुणाबाई : कुणीबी. दाव तो फोटो.

रामभाऊ : नुसत्या काळ्या सावल्या. कोण कुठली, काय कळत नाय.

सगुणाबाई : ही म्होरं पळती ती भुरी. कान टवकारलेत बघा. तिला वाटतंय, मीच बोलावलंय.