घुशीच्या गोळ्या

— मग विश्वास कोणावर ठेवायचा, पंत, तुम्हीच सांगा. घुशीवर का माणसावर? हसताय. बसा, त्या पोत्यावर टेका, कोरडं आहे — मी तर घुशीवर ठेवीन. ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं जाणार, भिंतीच्या कडेकडेनंच चालणार, नवी वस्तू दिसली की दोन दिवस दात लावणार नाही. माणसाचं असं काही सांगता येतं? नाही येत. बत्तीस वर्षं ह्या दाळमंडईत बी-बियाणं, औषधं, तारेची जाळी विकतोय. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. तुम्ही सावेडीत बंगला बांधलात, मागं हौसेनं वांगी लावलीत, आणि सकाळी उठून बघावं तर रोप मुळापासून आडवं — पंत, तुमची घूस माझ्या ओळखीची आहे. तिची आजी आमच्याकडं होती.

उपाय काय, छप्पन आहेत. कर्जतच्या आबासाहेबांनी बिळात मिरचीची धुरी दिली. घूस तशीच राहिली, शेजारी खोकत खोकत पोलिसांत गेला. आमच्या कॉलनीतल्या एका साहेबानं बुजगावण्याला स्वतःची सफारी घातली, तर घुशीनं सफारीचा खिसा कुरतडला — बायको म्हणाली, चला, ह्यांच्या खिशात कुणाला तरी काही सापडलं! जाळी न्या, पंत. हातभर जमिनीत पुरायची, वर दोन हात. नको? खोदाई कोण करणार — खरंय. औषधच पाहिजे. आहे, देतो की. घाई नाही ना?

गणपती दूध प्यायले ना, त्या वर्षीची गोष्ट. आमच्या मंडळींनी परसात बाग केली होती. दोडका, घेवडा, वांगी, नळाशी पुदिना. नळाला दिवसाआड पाणी, तरी बाग हिरवी. त्यांचा एक नेम होता — रोज पीठ मळलं की पहिला गोळा गाईचा. गाय कुठली? भिंतीपलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर गोजरबाई राहायची, गोवऱ्या विकून पोट भरायची, तिची कालवड. अजून वर्षाचीही नव्हती. पुढं दूध देईल म्हणून बाई तिच्यावर आस लावून बसलेली. कालवड भिंतीवरून मान काढायची, ह्या गोळा द्यायच्या. हातून निसटून वाफ्यात पडला तर माती झटकून द्यायच्या. अन्न टाकायचं नाही, हे त्यांचं.

तर घुशी आल्या आणि मी औषध नेलं. ह्या नको म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, करा, पण गोळ्या मोजून ठेवा आणि मोजून उचला. एक जरी कमी भरली तरी सापडेपर्यंत शोधायची. बरं म्हणालो. पुडीवर लिहिलं होतं त्याच्या दुप्पट घातलं — गिऱ्हाइकाला कधी करू देत नाही, घरी केलं. घरच्याच बाजरीच्या पिठात. पीठच काळपट, त्यात काही कळत नाही. बारा गोळ्या. संध्याकाळी भिंतीच्या कडेनं ठेवल्या, सकाळी उचलल्या, तर नऊ. ओट्यापाशी ह्यांनी विचारलं, मोजल्या? मोजल्या. बारा? — बारा, म्हणालो. का म्हणालो? काही कारण नाही हो. दोडक्याचा वेल ओला होता, खाली वाकायला लागलं असतं, आणि दुकान उघडायचं होतं. एवढंच.

दुपारी जेवायला घरी गेलो तर फाटकात गोजरबाई. "सूर्यभानशेट, माझी कालवड उठंना. तुमी औषधाचं दुकानवालं, बघा की जरा." गेलो, बघितली. तोंडाला लसणासारखा वास. आता हा वास मला कळत नाही असं कसं होईल, रोज पुड्या हाताळतो मी. म्हणालो, कॅरीबॅग गिळली असणार. "व्हय का," म्हणाली, "प्लाटावर लई पिशव्या हायती खऱ्या." दिवे लागायच्या आत कालवड गेली. दुसऱ्या दिवशी बाई पाटीभर गोवऱ्या घेऊन दारात — शेट आपलं जेवण सोडून बघायला आले म्हणून. घेतल्या. काय करणार, परत कशा करायच्या?

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी मी हात धुऊन ताटावर बसलो. ह्या वाढता वाढता म्हणाल्या, वेलाखाली तीन गोळे सापडले सकाळी, म्हटलं कालपरवाचे माझ्याच हातून सांडले असतील, घातले तिला. आणि थांबल्या. तुमच्या बारा भरल्या होत्या ना? भरल्या, म्हणालो. भाकरी मोडली. दुसरी घेतली. ठेच्यात मीठ कमी होतं, तेवढं आठवतंय.

तेव्हापासून गाईचा गोळा काढत नाहीत. परसात जात नाहीत. कपडे पुढं गॅलरीत वाळतात. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत, पुन्हा विचारलंही नाही. घेवड्याचं बी त्या वर्षी धरलं नाही. गोजरबाई शेवगावला लेकीकडं गेली. बागेत आता घुशीच आहेत, मी जाळीसुद्धा मारली नाही. बारा नव्हत्या, नऊ होत्या, एवढं एक वाक्य आहे, पंत. दोन वर्षं झाली. रोज जेवायला बसतो, त्या वाढतात, मी जेवतो.

तुमच्या घरच्या आणि आमच्या मंगळवारी भजनाला एकत्रच असतात, नाही का?... असतात. मी इतकं कसं बोलत बसलो काय माहीत. सांगू नका असं मी म्हणत नाही. सांगा असंही म्हणत नाही.

ही घ्या पुडी. लिहिलंय त्याच्यापेक्षा कणभर जास्त घालायचं नाही, हात साबणानं धुवायचे. पैसे राहू द्या, ठेवा खिशात. उठा आता, मागं गिऱ्हाईक ताटकळलंय. आणि सकाळी गोळ्या उचलाल तेव्हा घरात हिशोब खरा सांगा — नऊ सापडल्या तर नऊच.