खंदकातून आलेले आकडे

लिंडसे: हळू ओत, मर्व. अर्धं पाणी बाकावर चाललंय.

मर्व: बाकाला काय होतंय? साठ वर्षं ओततोय मी या बंदुकीच्या नळीत उकळतं पाणी. तू नरसाळं सरळ धर म्हणजे झालं.

लिंडसे: सरळच धरलंय.

मर्व: जुनी लष्करी काडतुसं ही, उडाली की नळीत मीठ सोडतात. आज धुतली नाही तर पुढच्या शनिवारपर्यंत नळी गंजून खलास. आधी हिची आंघोळ, मग आपला चहा. आयल्सा म्हणायची, लग्न माझ्याशी केलंस आणि पाणी तापवतोस त्या बयेसाठी.

लिंडसे: म्हणायची खरी.

मर्व: किती म्हणालास मघाशी निशाणाखालच्या खंदकातून, रेडिओवर?

लिंडसे: ऐकलंस की.

मर्व: समोरासमोर ऐकायचंय. सांग ना, जीव जातो का तुझा?

लिंडसे: सत्तेचाळीस.

मर्व: पन्नासात सत्तेचाळीस. तीनशे मीटरवरून, सत्त्याहत्तराव्या वर्षी, नुसती पत्र्याची खाच आणि टोकाची खूण. तो बार्ट्राम नवीकोरी रायफल घेऊन आला, वर हातभर दुर्बीण. त्याचे किती झाले?

लिंडसे: एक्केचाळीस.

मर्व: म्हणून चहाला थांबला नाही. माझं गुणांचं कार्ड लिहिताना हात जड झाला असेल त्याचा. गज दे इकडे. आणि चिंधी. ही नाही, कोरडी.

लिंडसे: कोरडीच आहे ती.

मर्व: बरं. सोमवारी पोलीस ठाण्यात जायचंय मला. नेशील ना गाडीतून? बंदुकीचा परवाना संपतोय. डोळे शाबूत आहेत अशी डॉक्टरची चिठ्ठी मागतात. मी म्हटलं, चिठ्ठी कशाला? फेब्रुवारीपासूनची, एकाआड एका शनिवारची सतरा कार्डं टाकतो सार्जंटच्या टेबलावर. एकही चव्वेचाळीसच्या खाली नाही.

लिंडसे: कार्डं नको नेऊस, मर्व.

मर्व: का?

लिंडसे: उगाच. त्या लोकांना काय कळतंय कार्डातलं.

मर्व: आकडे कळतात ना? तेवढं पुरे. हे बघ, गाडी आली. कोरल असणार, गिअर बदलताना ती गाडीचा गळा दाबते. आता ऐक, माझी लेक बापाला फैलावर घेणार.

कोरल: डॅड, फोन कशाला घेतलाय तू? सकाळपासून नऊ वेळा केला.

मर्व: चांदमारीवर फोन बंद ठेवायचा नियम आहे.

कोरल: असा नियम नाही. लिंडसे, आहे का असा नियम?

लिंडसे: नाही तसा.

मर्व: सत्तेचाळीस मारले मी आज.

कोरल: डॅड, खाली बस. डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंचा फोन होता. गेल्या आठवड्यात फोटो काढले ना डोळ्याचे, त्याचा निकाल आला.

मर्व: लिंडसेसमोर कशाला? घरी बोलू.

कोरल: घरी तू दार लावून घेतोस. लिंडसेला माहीतच असेल सगळं.

लिंडसे: काय माहीत असेल?

कोरल: इंजेक्शनांचं. एप्रिलमध्ये सांगितलं होतं की बाईंनी, डोळ्याच्या पडद्यामागे रक्त झिरपतंय, दर महिन्याला एक इंजेक्शन, ताबडतोब. एप्रिलची वेळ याने चुकवली, जूनची चुकवली. ऑगस्टला मी रजा काढून, चार तास गाडी हाकायची म्हणून पहाटे दारात आले, तर हा म्हणे पोट बिघडलंय.

लिंडसे: मर्व, तू दाताचं म्हणाला होतास. शहरात दाताला दाखवायचं म्हणून.

मर्व: दातही दुखत होता.

लिंडसे: एप्रिलमध्ये सांगितलं होतं? नक्की एप्रिल?

कोरल: ईस्टरच्या आदल्या आठवड्यात. का?

लिंडसे: काही नाही. बोल तू.

मर्व: डोळ्यात सुई खुपसतात, लिंडसे. जागेपणी. तिला म्हटलं, बाई, दुसऱ्याच कुणाचे तरी कागद बघतेस तू. हा डोळा तीनशे मीटरवरचं काळं वर्तुळ फोडतो. डावा दहाव्या वर्षीच गेला, गलोलीने. साठ वर्षं हा एकटाच पोसतोय मला. याला काही झालं असतं तर सगळ्यात आधी कार्डावर दिसलं असतं.

कोरल: मे महिन्यात गाडीने फाटकाचा खांब उडवलास तो दिसला नाही?

मर्व: खांब वाकलेला होता.

कोरल: खांब सरळ होता, डॅड. सरळ वस्तू वाकड्या दिसणं हेच त्या रोगाचं लक्षण, बाईंनी चित्र काढून दाखवलं होतं तुला.

मर्व: मग वर्तुळ कसं लागतं? सांग ना. तुझ्या बाई शिकलेल्या असतील, पण बंदूक खोटं बोलत नाही. गेल्या महिन्यात मलाही जरा शंका आली होती. मधोमध काहीतरी करडं करडं येतं, धुरासारखं. खूणच दिसेना. म्हटलं, आज पंधरासुद्धा होत नाहीत. आणि हा खंदकातून ओरडतो, पाच, पाच, चार, पाच. मग लक्षात आलं, हात जुना आहे. हाताला पाठ झालंय सगळं.

लिंडसे: मर्व.

मर्व: काय?

लिंडसे: कोरल, बाई आज काय म्हणाल्या ते आधी सांग.

कोरल: म्हणाल्या, एप्रिलमध्ये आला असता तर बहुतेक सगळी नजर वाचली असती. आता मधल्या भागावर व्रण धरलाय. गेलं ते गेलं, परत आणता येत नाही. कडेकडेचं दिसत राहील. वाचता येणार नाही, माणसाचा चेहरा समोरून ओळखता येणार नाही. गाडी तर आजपासूनच बंद. आणि ही बंदूकही.

मर्व: सत्तेचाळीस मारलेत मी आज.

लिंडसे: नाही मारलेस.

मर्व: काय?

लिंडसे: नऊ झाले, मर्व. दहातल्या तीन गोळ्या कागदाला लागल्या, त्याही कडेला. एक बार्ट्रामच्या निशाणावर गेली. बाकीच्या मागच्या मातीत.

मर्व: कसली थट्टा ही?

लिंडसे: थट्टा नाही. फेब्रुवारीत पहिल्यांदा एकोणीस झाले तुझे. तू वर चटईवर पडून रेडिओवर विचारत होतास, किती, किती. मला एकोणीस म्हणवलं नाही. चव्वेचाळीस म्हटलं. वाटलं, एखादा दिवस वाईट जातो माणसाचा. मग पुढच्या वेळी सोळा आले.

मर्व: पण तबकडी दिसायची. तू निशाण वर केलंस की गोळीच्या भोकावर पांढरी तबकडी. बार्ट्राम दुर्बिणीतून बघून लिहायचा.

लिंडसे: तबकडी मीच लावतो ना. भोक नसलं तरी कागदात कुठेही खोचता येते. खाली खंदकात मी एकटाच असतो.

कोरल: लिंडसे, तुला कळतंय का तू काय बोलतोयस?

लिंडसे: कळतंय.

कोरल: मी एप्रिलपासून याच्या हातापाया पडतेय. प्रत्येक वेळी हा मला कार्ड दाखवायचा. फ्रिजवर लावलीत त्याने. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, बहुतेक तुमचंच चुकत असेल. मी सांगितलं असं, माझ्या तोंडाने.

लिंडसे: मला डोळ्याचं माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं, कोरल. मला वाटलं, वय झालं. आयल्साला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. हा फक्त शनिवारी दाढी करायचा. बंदूक सुटली असती तर हा घरातून बाहेर पडला नसता. आणि खरं सांगू? आम्ही तिघंच उरलोत. हा यायचा थांबला असता तर क्लबला कुलूप लागलं असतं. मग मी कुठे जाणार होतो शनिवारचा? करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

मर्व: नऊ.

लिंडसे: हो.

मर्व: आणि तू म्हणालास सत्तेचाळीस. पन्नास का नाही रे म्हणालास कधी?

लिंडसे: तुला खरं वाटलं नसतं.

मर्व: हिशेबी माणूस. तू मला एकोणीस म्हणाला असतास ना, तर मी शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस दारू प्यालो असतो आणि तिसऱ्या दिवशी हिच्या गाडीत बसलो असतो. डोळ्यात सुई काय, सळई खुपसून घेतली असती, या बंदुकीसाठी.

लिंडसे: ठाऊक आहे.

मर्व: काही ठाऊक नाही तुला. चौसष्ट साली घेतली ही. जर्दाळू तोडायला जायचो, सतरा वर्षांचा होतो. लोखंडी सामानाच्या दुकानात लढाईतल्या जुन्या बंदुका पिंपात उभ्या असायच्या ग्रीस फासलेल्या, कुदळी ठेवाव्यात तशा. सहा पौंडांना एक. दस्त्यावर कुणीतरी चाकूने पाच खाचा पाडल्यात. माणसं मोजली की महिने, ते आजवर कळलं नाही मला. रोज हात फिरवतो त्यावरून. आता तेवढंच करायचं म्हण.

कोरल: तेही नाही, डॅड. परवाना संपला की ही घरात ठेवता येणार नाही. ठाण्यात जमा करावी लागेल, नाहीतर कुणाच्या तरी नावावर.

लिंडसे: माझ्या नावावर कर. माझ्याकडे परवाना आहे. तू हवा तेव्हा येऊन—

मर्व: तुझ्याकडे देण्यापेक्षा वितळवायला देईन.

लिंडसे: बरं.

मर्व: बरं नको म्हणूस. चिडला असतास तरी बरं वाटलं असतं मला. किती वाजले?

कोरल: चार. घरी चल आता.

मर्व: थांब. अजून उजेड आहे. एक गोळी मारायची आहे मला. लिंडसे, खंदकात जा.

कोरल: डॅड, पुरे झालं.

मर्व: लाल बावटा वर आहे, रस्ता बंद आहे, समोर मातीचा डोंगर आहे. ज्याला लागायची भीती तो जमिनीखाली बसणार आहे. एक गोळी, कोरल. सतरा शनिवार मी काय केलं ते मला माहीत नाही. एकदा तरी खरा आकडा कळू दे. लागली नाही तर लागली नाही म्हण, लिंडसे. तोंड सांभाळून बोलू नकोस.

लिंडसे: जे असेल तेच सांगेन.

(पंधरा मिनिटांनंतर. मर्व चटईवर पालथा, शेजारी गुडघ्यावर कोरल, तिच्या हातात रेडिओ. गोळी सुटून गेलेली.)

कोरल: झालं, डॅड. दे ती इकडे.

मर्व: मधोमध धूर होता नुसता. कडेने बघून अंदाजाने ओढला घोडा. विचार त्याला.

कोरल: लिंडसे, बोल.

लिंडसे: थांबा. निशाण खाली घेतोय. बघतोय.

मर्व: लागलीच नसणार. कितीदा बघशील?

लिंडसे: मर्व, पाच.

कोरल: काय?

लिंडसे: पाच. वर्तुळाच्या आत, बोटभर डावीकडे. मलाही खरं वाटेना, म्हणून परत बघितलं. तबकडी लावून वर करतो.

कोरल: वर आलं, डॅड. दुर्बिणीतून दिसतेय मला. पांढरी तबकडी, मधोमध.

मर्व: मधोमधच दिसायची ती. बार्ट्रामलाही दिसायची.

लिंडसे: मर्व, भोक बुजवत नाही मी. आहे तसा कागद काढून आणतो वर. बोट घालून बघ तूच.

मर्व: पेन्सिलीनेही पडतं भोक. बंद कर तो रेडिओ, कोरल.

कोरल: डॅड, तो रडतोय.

लिंडसे: मर्व, खरंच पाच आहे. ऐकतोयस ना? मर्व?