सतीशकाकांची जागा

…आणि मी काय कल्पना केली होती सांगू? स्टेडियममध्ये पाहुण्या टीमच्या कोपऱ्यात मी उभी, गळ्यात हिरवा मफलर, आजूबाजूला ग्रानविकहून बसनं आलेले दोनशे लोक, घसा बसेपर्यंत गाणी! आणि प्रत्यक्षात? रॉटरडॅमवाल्यांच्या बरोब्बर मधोमध, मफलर जॅकेटच्या आत पोटाला गुंडाळलेला, डावीकडे बाबा, उजवीकडे त्यांचे मित्र सतीशकाका, आणि तोंडाला कुलूप! का? तर तिकिटं काकांनी आणली, ऑफिसातल्या कुठल्याशा डचाकडून. वर म्हणतात, "अगं गुंजन, मैदान एकच ना? कुठूनही बसलं तरी बॉल तोच!"

आता हे ग्रानविक कुठलं? स्वीडनमधलं एवढंसं गाव हो, मी दोन वर्षं तिथे शिकले. आख्खं गाव आमच्या इथल्या, नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपच्या चार गल्ल्यांत मावेल, पण फुटबॉल क्लब कसा, पक्का व्यावसायिक! आणि मालक कोण? कुणी शेठ? छे! सभासद! एका माणसाला एक मत! औषधाच्या दुकानातली बाई गेटवर तिकिटं तपासते, मुख्याध्यापक हाफटाइमला कॉफी ओततात, आणि मी… मी दोन हिवाळे त्या मैदानावरचा बर्फ फावड्यानं ओढलाय! परत आल्या आल्या बाबांना म्हटलं, बाबा, ही खरी लोकशाही! बाबा म्हणाले, "लोकशाही छानच आहे. आइंडहोवनचा इंटरव्ह्यू कधी आहे?"

कारण प्रश्न तोच होता. क्लबनं मला कळवलं होतं, युरोपच्या या स्पर्धेत पुढची फेरी गाठली तर आपण मुलींची टीम काढू, आणि ती तू सांभाळ. सामने दोन, एक रॉटरडॅमला, एक पुढच्या गुरुवारी ग्रानविकला, दोन्हींचे गोल मिळून निकाल. मग बाबांशी ठरलं, जिंकले तर मी ग्रानविकला, हरले तर आइंडहोवनला, चिप बनवायच्या मशिनींच्या कंपनीत नोकरीला. म्हणजे बघा, माझं आख्खं आयुष्य अकरा स्वीडिश पोरांच्या पायांत!

पहिली वीस मिनिटं नुसता मार खात होतो. मी नखं खाल्ली, ती संपल्यावर जॅकेटची दोरी खाल्ली. तेवढ्यात काका उठले, "जरा जाऊन येतो गं." ते जिना उतरले, दिसेनासे झाले, आणि आमच्या एका पोरानं बॉल काढला, पळाला, पळाला… गोल! सगळं स्टँड चिडीचूप. आणि त्या शांततेत बाबा, माझे स्वतःचे बाबा, ताडकन उभे, "गेलाऽऽऽ!"

पुढचा माणूस सावकाश वळला. मान अशी की माझ्या दोन्ही हातांत मावू नये. मला वाटलं, संपलं, आता मफलर सापडणार! पण पंचवीस वर्षं डच ऑफिसात काढलीत हो बाबांनी. कपाळावर हात मारून डचमध्ये म्हणतात, "गेला! आपला डिफेन्स गेला कुठे?" त्या माणसानं डोळे मिटून बाबांच्या खांद्यावर थोपटलं.

बाबा खाली बसले आणि पहिलं काम काय केलं? फोन! "सतीश, कुठेयस? बाथरूमच्या बाहेर? तिथेच थांब. हलायचं नाही!"

म्हटलं बाबा, शिकलेली माणसं आपण! बाबा म्हणतात, "दोन हजार अकराला हा फायनलभर बाल्कनीत उभा होता. वर्ल्ड कप आला की नाही?" तरी मी म्हटलं, हा खेळाडूंच्या कष्टांचा अपमान आहे, हे सामूहिक… आणि त्यांचा बॉल आमच्या खांबावर आदळून बाहेर! मी बाबांच्या हातातला फोन हिसकावला. "काका, हललात का? पाणी प्यायला? दोन पावलं? मग दोन पावलं मागे या आधी! आणि आता हलायचं नाही!"

हाफटाइम झाला, साठावं मिनिट झालं, ऐंशी झालं, शून्य-एक, आम्ही पुढे! काका बिचारे फोनवर, "गुंजन, पाय दुखतायत गं, बसू का?" नाही काका. "भिंतीला टेकू?" टेका, पण हलायचं नाही!

अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. जिन्यावर पिवळ्या जॅकेटातला एक स्टुअर्ड, म्हणजे स्टेडियमच्या बंदोबस्ताचा माणूस, त्याच्या हाताला धरलेले सतीशकाका. स्टुअर्ड फार भला माणूस हो, मला हळूच म्हणतो, "हे गृहस्थ तासभर भिंतीपाशी एकटेच उभे होते. विचारलं तर म्हणतात, मला हलता येत नाही. तब्येत बरी आहे ना?" मी किंचाळले, काका, बसू नका! बाबा किंचाळले, "सत्याऽ, परत जा!" पण स्टुअर्डनं काकांना प्रेमानं खांदे धरून खुर्चीत बसवलं…

आणि गोल. एक-एक.

चाळीस हजार लोक उड्या मारतायत, तो जाड मानेचा माणूस बाबांना मिठी मारून हलवतोय, आणि त्याच्या खांद्यावरून मला बाबांचा चेहरा दिसतोय. आइंडहोवन एका गोलानं जवळ आलं होतं ना? बाबांना हवं होतं तेच झालं ना? मग माणसानं असं रडवेलं का दिसावं?

सकाळी मी इंटरव्ह्यूच्या तयारीला लॅपटॉप उघडला. बाबांनी चहा आणून ठेवला, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गुरुवारी मॅच किती वाजता आहे म्हणालीस?"

विज्ञान शिकलेली मुलगी मी, निर्णय विचारपूर्वकच घेतला. ग्रानविकची तीन विमान तिकिटं काढली. मैदानाची मात्र दोनच. आमच्या तिथे कॉफीच्या टपरीमागे एकच बाथरूम आहे, मुख्याध्यापकांकडून त्याची किल्ली मागून ठेवलीय… आणि काकांसाठी एक खुर्चीही सांगितलीय. आता माणुसकी म्हणून काही आहे की नाही?